पहिली वेल्डिंग मशीन घेण्याआधी घरची लाइन मोजा

आमच्याकडे एक महिंद्रा कमांडर आहे. मोठ्या काकांनी ती दारव्हा-यवतमाळ रोडवर काळी-पिवळी म्हणून बारा वर्षं चालवली. मग परमिट संपलं आणि गाडी घरामागच्या चिंचेखाली उभी राहिली ती सात पावसाळे. फ्लोअरचा पत्रा इतका सडला की ड्रायव्हरच्या सीटवर बसून खालची कोंबडी दिसायची. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात आलं तेव्हा आधी डेंटर काकांना बोलावलं. त्यांनी पेचकसानं दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाले, “वेल्डिंग कराले पत्रा लागते बाप्पा. इथं तं निरा जंगच हाये.”

मजुरीचा आकडा ऐकून मी स्वतःच मशीन घ्यायचं ठरवलं. धंदा माझा मोटार वाइंडिंगचा. लोक तीन आणि पाच एचपीच्या पंपाच्या मोटारी जाळून आणतात, मी भरून देतो. तांबं, करंट, व्होल्टेज यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. त्याच समजापायी पहिली मशीन चुकली. २०० अँपिअरची इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे रॉडनं वेल्डिंग करायची, आणली. मशीन चांगलीच होती, माझ्या कामाची नव्हती. पहिल्याच दिवशी फ्लोअरला जेवढी भोकं गंजानं पाडली होती, त्याहून जास्त मी पाडली.

तेव्हा गाडीच्या छंदासाठी पहिली मशीन घ्यायची असेल तर दुकानात जाण्याआधी दोनच गोष्टी मोजा: पत्रा किती जाड आहे आणि घरची लाइन किती तग धरते. खोक्यावरचे अँपिअर नंतर.

पत्र्याचं लवकर सांगून टाकतो. हार्डवेअरवाला गेजमध्ये बोलतो: १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. गेज वाढला की पत्रा पातळ. मारुती ८०० सारख्या गाडीच्या दारा-मडगार्डचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. कमांडरचं फ्लोअर मी १८ गेजनं भरलं. आता रॉडकडं बघा. बाजारात सगळीकडं मिळणारा ६०१३ जातीचा अडीच मिलिमीटरचा रॉड नीट जळायला ६० ते ९० अँपिअर मागतो. तेवढा करंट १.२ मिलिमीटरच्या पत्र्यावर एका जागी दोन सेकंद थांबला की संपलं. दोन मिलिमीटरचा रॉड ४० ते ६० अँपिअरवर चालतो, पण आमच्याकडच्या दुकानात तो मिळाला तर नशीब. कसलेला माणूस रॉडनंही पातळ पत्रा जोडतो, डेंटर काकांना मी करताना पाहिलंय. पण त्यांच्या हाताला तीस वर्षं आहेत. नवख्यानं रॉडची खालची हद्द १६ गेज धरावी. त्याहून पातळ पत्र्याला मिग, म्हणजे आपल्याकडं ज्याला सीओटू मशीन म्हणतात ती. तिच्यात रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढं येते.

आता लाइन. इथं थोडं थांबतो, कारण खेड्यात मशीन फसते ती इथंच.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं असते ती जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीन बहुतेक दोन फेजवर, ४०० व्होल्टच्या वर चालते. तो ती कमी किमतीत विकायला काढेल, “तांब्याची वाइंडिंग हाये, जन्माची चीज” असंही सांगेल, आणि खोटं नसेल ते. पण घरच्या सिंगल फेजवर ती चालणार नाही. शेतातल्या थ्री फेजवर लावू म्हणाल, तर ते कनेक्शन पंपासाठी दिलेलं आहे. मंजूर कामाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली की २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. आकडा टाकला तर कलम १३५, ती सरळ चोरी. शिवाय त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेजाऱ्याची मोटार असते. व्होल्टेज पडून जळालेल्या मोटारी माझ्याच दुकानात येतात, म्हणून सांगतो.

तर घरची सिंगल फेज. एक मल्टिमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांचा चालतो. मशीन ज्या सॉकेटवर लावणार तिथलं व्होल्टेज दुपारी एकदा आणि संध्याकाळी सात वाजता एकदा बघा. मग त्याच बोर्डवर पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड पाण्याच्या बादलीत सोडून चालू करा आणि पुन्हा मीटर लावा. रॉड चालू असताना बादलीत हात घालू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

माझ्या कोठ्यातला (गोठ्यातला) आकडा असा आला: रॉडशिवाय २२४, रॉड लावल्यावर २०९. म्हणजे सहा अँपिअरला पंधरा व्होल्ट पडले. आता अडीचचा वेल्डिंग रॉड ८० अँपिअरवर चालवायचा तर साधी इन्व्हर्टर मशीन लाइनकडून चौदा-पंधरा अँपिअर ओढते. सहाला पंधरा, तर चौदाला पस्तीस. उरले १८९. आणि हे दुपारचं. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्याकडं संध्याकाळी बिनलोडचंच १९५ असतं. अशा लाइनवर आर्क, म्हणजे रॉड आणि पत्र्यामधली विजेची ज्योत, तुटतो, रॉड चिकटतो आणि आपल्याला वाटतं आपला हातच वाईट.

पंधरा व्होल्ट जात कुठं होते? मीटरनंतरच्या किटकॅट फ्यूजचा एक कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता आणि तिथून कोठ्यापर्यंत पंचवीस मीटर एक स्क्वेअरची (एक चौरस मिलिमीटरची) वायर गेली होती. तेवढ्या लांबीत एक स्क्वेअरची तांब्याची वायर चौदा अँपिअरला तेरा-एक व्होल्ट खाते, अडीच स्क्वेअरची पाच, चारची तीनच. मी चार स्क्वेअरची नवी ओढली, किटकॅट काढून एमसीबी आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकला, अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ टाकून नव्यानं भरला. पुन्हा तीच बादली, तोच रॉड: २२४ वरून २१७. (मीटरच्या अलीकडं, खांबाच्या बाजूला, काही सैल दिसलं तर तिथं आपण हात घालायचा नाही. लाइनमनला बोलवा.) या कामाला मशीनच्या पाव किमतीएवढा खर्च आला आणि घरातले पंखेही जोरात फिरायला लागले. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर वेल्डिंग मशीन लावायचा शहाणपणा मात्र करू नका. माझ्या भाच्यानं केला. फ्रिज वाचला, स्टॅबिलायझर गेला.

लाइन कळली की मशीन निवडणं सोपं होतं.

बजेट दहा हजारांच्या आत असेल आणि काम चेसिसचे ब्रॅकेट, बंपर, कॅरिअर, जॅक स्टँड, गेट असलं जाड असेल, तर इन्व्हर्टर आर्क घ्या. पाच-सात किलोची असते, खांद्याला लटकवून नेता येते. अंगाचा पातळ पत्रा तेवढा डेंटरकडं सोडा. वाईट सौदा नाही तो.

पत्र्याचं काम स्वतःच करायचं असेल तर सिंगल फेजवरची लहान मिग घ्या, तीही अशी की जिला रॉडचा होल्डरही लागतो. १८ गेजला साठ-सत्तर अँपिअर पुरतात आणि त्याला लाइनकडून दहाच्या आसपास अँपिअर लागतात. म्हणजे पातळ पत्र्याला मिग ही लाइनवरही रॉडपेक्षा हलकी. माझी दुसरी मशीन हीच, आणि पहिलीच ही असायला हवी होती. टिगचं, म्हणजे टंगस्टनच्या काडीनं आर्क धरायच्या मशीनचं, नाव ऐकाल, जोड देखणा येतो. पण त्याला शुद्ध आर्गॉन लागतो, दोन्ही हात आणि बहुतेक वेळा पायही कामाला लागतो, आणि गंजलेल्या पत्र्याचे नखरे तो सहन करत नाही. पहिल्या मशीनसाठी नको.

मिग घेताना दुकानदार जास्तीत जास्त अँपिअर सांगेल. तुम्ही कमीत कमी विचारा. ३०-४० अँपिअरवर आर्क सलग टिकतो का, हे पातळ पत्र्याला महत्त्वाचं. २०० कधी लागणारच नाहीत. झाकण उघडून तार ओढणारा रोलर बघा. धातूचा असावा, प्लॅस्टिकच्या चौकटीतला नको. पाच किलोचं तारेचं रीळ बसतं का बघा. एक किलोवालं रीळ किलोमागं महाग पडतं. टॉर्च, म्हणजे हातात धरायचा तारेचा दांडा, युरो कनेक्टरची असेल तर खराब झाल्यावर वेगळी बदलता येते. काही स्वस्त मशीनमध्ये ती आतून पक्की असते, केबल उंदरानं कुरतडली की पूर्ण मशीन उघडा. आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, बदलायची सोय हवीच. का, ते पुढं येईल.

मग मशीनच्या मागची पाटी वाचा. एक्स या अक्षरासमोर टक्के लिहिलेले असतात: हा ड्युटी सायकल, दहा मिनिटांचा हिशेब. १२० अँपिअरच्या रकान्यात ६०% असेल तर सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं आराम. दुकानदार खोक्यावरचं २०० दाखवेल. तुम्ही पाटीवर १००% च्या रकान्यात काय आहे ते बघा. ती मशीनची खरी ताकद. दुसरं म्हणजे आय-वन-इफेक्टिव्ह, लाइनकडून सरासरी किती अँपिअर ओढणार ते. वायर आणि एमसीबी त्यावर ठरवा. पाटीच नसेल, किंवा पाटीवर नुसतं नाव आणि २०० असेल, तर ती मशीन तिथंच ठेवा. आणखी एक: हे टक्के ४० अंश तापमान धरून काढलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस होतं, टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका. उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते नऊ काम करतो. तरीही मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागला तर तिला बंद करत नाही, पंखा चालू राहू देतो. दिवा आपोआप विझतो.

गॅसचा प्रश्न खेड्यात मोठा. मिगला गॅस लागतो: नुसता कार्बन डायऑक्साइड किंवा त्यात आर्गॉनची मिसळ. ८० टक्के आर्गॉनवाली मिसळ पातळ पत्र्याला उत्तम, जोड मऊ बसतो, ठिणग्या कमी उडतात. नुसत्या सीओटूनं ठिणग्या जास्त आणि मार खोल, पण स्वस्त पडतो आणि तालुक्याच्या आसपास मिळून जातो. मी तोच वापरतो. एक किलो सीओटूतून साधारण साडेपाचशे लिटर गॅस निघतो. मिनिटाला दहा लिटर धरले तर जवळपास पंचावन्न मिनिटं आर्क. छंदवाल्या माणसाचं खरं वेल्डिंग दिवसाला दहा मिनिटांवर जात नाही, बाकी वेळ ग्राइंडर चालतो. पाच किलोचं सिलिंडर मला एक हंगाम पुरलं. भरून आणायला यवतमाळ, चाळीसेक किलोमीटर. सिलिंडर उभं बांधून आणा, व्हॉल्व्हवर टोपी घालून, उघड्या गाडीत. डिक्कीत आडवं टाकून काचा बंद करून नाही. उन्हात तर ठेवूच नका, सीओटूचा दाब गरमीनं झपाट्यानं चढतो. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते ती बघा. या सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण आपल्याकडं सिलिंडर फिरतात ते बघून तसं वाटत नाही.

गॅस नकोच असेल तर बिनगॅसची तार मिळते. तिच्या पोटात फ्लक्स, म्हणजे रॉडवर असतो तसला मसाला, भरलेला असतो, रॉडचीच उलटी रचना. वाऱ्यात, उघड्यावर चालते, वर खपली येते ती ठोकून काढावी लागते. पातळ पत्र्यावर जरा गरम पडते, म्हणून माझी शिफारस १६ गेज किंवा त्याहून जाड पत्र्याला. आणि इथं ती पोलॅरिटी. गॅसवाल्या साध्या तारेला टॉर्च प्लसवर असते, बिनगॅसच्या तारेला मायनसवर. मी रीळ बदललं, पोलॅरिटी विसरलो. तार फटफट उडायला लागली, जणू कढईत फुटाणे. जोडाच्या जागी नुसते वाटाणे साचले, नखानं निघतील असे. दोन दिवस मी व्होल्टेज, तारेचा वेग, सगळं फिरवून बघितलं. शेवटी झाकणाच्या आतला, कंपनीनं चिकटवलेला, मी न वाचलेला कागद वाचला. दोन नट फिरवले, काम झालं. बायको म्हणाली, “मोटार भरता तेव्हा दुसऱ्याले कनेक्शन शिकवता नं?”

दुकानात जाताना आपल्या गाडीच्या जाडीचे पत्र्याचे चार तुकडे खिशात घेऊन जा आणि तिथंच चालवून बघायला मागा. जो दुकानदार चालवून दाखवत नाही, त्याच्याकडून मी घेतली नाही. आणि तोंडावर विचारा: कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलं तर दुरुस्ती कुठं होते? ऑनलाइन हजार-दीड हजार वाचतात, पण पार्सल करून मशीन परत पाठवायची आणि महिनाभर वाट बघायची, हे मी पहिल्या मशीनच्या वेळी भोगलंय. तिच्यात पाल शिरली होती. रात्री ऊब शोधत जाळीतून आत गेली, सकाळी मी बटण दाबलं, पाल आणि कार्ड दोन्ही एकदम गेले. वॉरंटीत पाल बसत नाही. तेव्हापासून काम झालं की मशीन जुन्या चादरीत गुंडाळून पेटीत जाते. चालू असताना मात्र चादर नाही, हवा घ्यायला जागा हवी. कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा धुरळा पंख्याबरोबर आत जाऊन कार्डावर बसतो. महिन्यातून एकदा, प्लग काढून, ब्लोअरनं बाहेर काढा.

मशीनबरोबरच्या हातात धरायच्या काचेवर विसंबू नका. आपोआप काळा होणारा हेल्मेट घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ फिरवता यावी. “एकच टाका मारतो” म्हणून डोळे मिटून वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी काही होत नाही. रात्री अकराला डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं आणि पहाटेपर्यंत माणूस तळमळतो. कपडे सुती घाला. कापसाच्या मुलखात राहून टेरीकॉटचा शर्ट घालून ठिणग्या अंगावर घेऊ नका, तो वितळून कातडीला चिकटतो. घराच्या छपराचा जस्ताचा पत्रा तुकडे पाडून गाडीला वापरू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्डिंग नाही, त्यातल्या काहींचा आर्कच्या उष्णतेनं विषारी वायू होतो.

गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस तार काढा. अर्थचा चिमटा जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. दाराच्या बिजागरीतून किंवा बेअरिंगमधून करंट फिरू देऊ नका. टाकी, पेट्रोलची किंवा डिझेलची, रिकामी असली तरी तिच्यावर वेल्डिंग नाही. रिकामीच जास्त वाईट, आत वाफ असते. आणि सडलेला पत्रा बदलणं वेगळं, गाडीची लांबी किंवा आकारच बदलणं वेगळं. आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली चालत नाही.

पहिला आठवडा गाडीला नाही, तुकड्यांना द्या. पत्रा दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा, मिगला रंग आणि गंज दोन्ही चालत नाहीत. सलग शिवण मारू नका. इंच-इंच अंतरावर टाका, मग मधल्या जागांत टाका, असं उड्या मारत भरा. बोट ठेवता येईल इतकं थंड होईपर्यंत शेजारी टाका नाही, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. भोक पडायची भीती असेल तिथं मागून तांब्याची पट्टी दाबून धरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं. मी फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या पाइपचा तुकडा घेऊन ठोकून चपटा केलाय. जोड झाल्यावर अंधारात मागून विजेरी लावा, सुटलेली टाचणीएवढी भोकं चांदण्यांसारखी दिसतात. माझ्या पहिल्या तुकड्यात रात्रीचं आभाळच होतं.

राहिली जागा. आमच्याकडं मोकळी जागा म्हणजे कोठा, आणि कोठ्यात एका बाजूला कुटार, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीचे भारे, दिवाळीनंतर वरून कापूसही. तिथं ठिणगी नको. ग्राइंडरची ठिणगी तर वेल्डिंगच्या ठिणगीपेक्षा लांब जाते. मी कुटार हलवलं, तरी एकदा फ्लोअरखालच्या जुन्या डांबराच्या लेपानं पेट घेतला होता. वरून मला काही दिसलंच नाही, भाच्यानं ओरडून सांगितलं. तेव्हापासून वेल्डिंग करताना खाली बघायला एक माणूस, दोन बादल्या पाणी आणि एक बादली रेती असते. मशीन बंद केल्यावर अर्धा तास मी कोठ्यातच बसतो, चहा तिथंच मागवतो, आणि उठण्याआधी गाडीखाली आडवा होऊन जोडांवरून हाताची पाठ फिरवतो.